ताईच्या गाडीतलं पाणी

"अजून खाली घे," ताई म्हणाली.

"याच्याहून खाली घेतला तर नळ माझ्या गुडघ्याला लागेल."

"गुडघा तुझा, गाडी माझी. घे खाली."

बारक्याने भिंतीवर केलेली पेन्सिलीची खूण अंगठ्याने पुसली आणि चार बोटं खाली दुसरी केली. ट्रेलरमध्ये उभं राहायचं तर त्याला मान वाकवावी लागत होती. सहा फूट उंच, रुंद खांद्यांचा, बासष्ट वर्षांचा माणूस. पण तो चार वर्षांचा असताना ताईने त्याला बारक्या म्हणायला सुरुवात केली ती केलीच. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसमध्ये त्याच्या हाताखाली बारा माणसं होती आणि ती सगळी त्याला साहेब म्हणायची. एकदा ताई त्याचा विसरलेला चष्मा द्यायला आली आणि फाटकातूनच तिने "बारक्या" अशी हाक मारली. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत तो बाराही जणांचा बारक्यासाहेब होता.

ताई ट्रेलरच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. एकोणसत्तर वर्षांची, काटकुळी. मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तिची एकतीस वर्षं गेली, त्यातली शेवटची चौदा हेड म्हणून. चादर नाकाशी धरून ती कुठल्या वॉर्डातली हे ताई सांगते, अशी ख्याती तिच्या हाताखालच्या बायकांनी पसरवलेली होती. आई गेली तेव्हा ताई अकराची आणि बारक्या चारचा. वडील कामावर जायचे, ताई घर बघायची. तिने लग्न केलं नाही. तुला वाढवता वाढवता राहून गेलं, असं ती कधी चुकूनही म्हणाली नाही. दुसरं कुणी म्हटलं तर त्याच्यावरच उखडायची.

आणि याच ताईशी बारक्या अकरा महिने बोलला नव्हता.

बारक्याच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं आणि ताई आली नाही. त्याआधी दोन महिने "मैत्रिणीकडे राहायला जातेय" म्हणून ती गायबच होती. लग्नाच्या सकाळी "निघतेय" म्हणून फोन आला आणि मग काहीच नाही. मुलगी हॉलच्या दाराकडे बघत बसली, फोटोसाठी थांबली, शेवटी डोळे पुसून फोटो काढून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी बारक्याने फोन केला. "जमलं नाही रे," एवढंच ताई म्हणाली. तो नाही नाही ते बोलला. "आजपासून तुझं माझं संपलं," असंही बोलून गेला. ताईने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्यानंतर तो तिच्या घरी गेला नाही आणि ती तर त्याच्या उंबऱ्याला शिवलीही नाही. "वन्संना कसली एवढी घमेंड चढलीय कोण जाणे," असं त्याची बायको म्हणायची.

मग गेल्या रविवारी सकाळी ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. हॉस्पिटलच्या जुन्या ड्रायव्हरकडून तिने एक वापरलेला ट्रेलर घेतला होता, चाकांवरची एक खोली. आत झोपायला बाक होता, एक ओटा होता, कोपऱ्यात एवढासा संडास होता. पाण्याची सोय मात्र पार मोडीत निघालेली. "टाकी आणि पंप बसवायचाय," ती म्हणाली. "तू बसवतोस का दुसरा कुणी बघू?"

पंपाचं काम आणि दुसरा कुणी, हे बारक्याला सहन होण्यासारखं नव्हतं, आणि ते ताईला पक्कं ठाऊक होतं. तो हत्यारांची पेटी घेऊन आला. पण तोंडात गुळणी धरल्यासारखा, कामापुरतं बोलत.

"गाडी माझ्या अंगणात आणू," तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "तिथे सगळं हाताशी आहे."

"नको. इथेच कर."

इथे म्हणजे ताईच्या इमारतीच्या मागे, कपडे वाळत घालायच्या तारांखाली. बारक्याने मनातल्या मनात आणखी एक नोंद केली. आमच्या अंगणातसुद्धा यायचं नाही हिला.

कुठे जायचंय, हे त्याने पहिल्या दिवशी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं.

"तलावावर," ताई म्हणाली. "धरणाच्या. जिथून पाणी येतं तिथे. एकतीस वर्षं त्या पाण्यात हात घातले, ते येतं कुठून ते बघायला नको? तूच म्हणायचास नेतो म्हणून."

म्हणायचा खरा. कामानिमित्त तो वर्षातून दोनदा तलावावर जायचा आणि दर वेळी परत आल्यावर ताईला सांगायचा, पुढच्या खेपेला तुला नेतो. अशा तीसेक वर्षांच्या खेपा झाल्या होत्या.

"मग तिथे विश्रामगृह आहे," तो म्हणाला. "माझी ओळख आहे. फुकटचा हा खटाटोप कशाला?"

"मला माझं पाणी पाहिजे."

त्याने काम सुरू केलं. टाकी कुठे ठेवायची यावरून त्यांचं वाजलं. ताईला ती मागे हवी होती, म्हणजे पुढे पाय पसरायला जागा राहील. बारक्या म्हणाला, टाकी बरोबर चाकांच्या वर, मधोमध बसणार. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. ते मागे टाकलं तर वळणावर गाडी शेपूट हलवणार.

"पाण्याचं वजन मला शिकवतोस? ओल्या चादरींचे गठ्ठे काय तू उचललेस?"

"मग कळतंय तर वाद कशाला घालतेस?"

"तू गप्प गप्प आहेस म्हणून."

तो ओठांत हसला, पण तोंड बाकाकडे होतं म्हणून ते तिला दिसलं नाही.

टाकी मधोमध बसली. टाकीपाशी पंप, पंपाच्या आधी कचरा अडवायला गाळणी, बॅटरीपासून वायर आणि हाताच्या अंतरावर बटण. नळ सोडला की दाब उतरतो आणि पंप आपोआप चालू होतो, नळ बंद केला की दाब भरतो आणि पंप बंद पडतो. हे सगळं बारक्याने डोळे मिटून केलं असतं. पण ताईच्या एकेक मागण्या त्याच्या डोक्यावरून जात होत्या. ओट्यावरचा नळ कसाही चालेल म्हणाली; पण संडासातला नळ बसल्या हाताला आला पाहिजे, त्याला लांब नळीचा फवारा पाहिजे आणि त्या फवाऱ्याला चांगला जोर पाहिजे. पाणी कोमट पाहिजे. खुंटी इथे, छोटी फळी तिथे. आणि पंपाचा आवाज बाहेर जाता कामा नये.

"पंप आहे तो, ताई. घरघर तर करणारच."

"तुला एवढी वर्षं पंपाचा पगार मिळाला ना? मग काढ काहीतरी तोड."

चौथ्या दिवशी दुपारी तिने हातात एक आरसा आणून दिला. वीतभर रुंद, हातभर लांब.

"हा इथे लाव," आणि संडासाच्या भिंतीवर तिने तळहात टेकवला. कमरेच्या उंचीवर.

बारक्याने आरशाकडे पाहिलं, तळहाताकडे पाहिलं. "आरशात तोंड बघतात, ताई."

"मला नाही बघायचं तोंड. पुष्कळ पाहिलं."

"मग काय बघायचंय?"

ताईने तळहात तिथेच टेकवून ठेवला. त्याने ड्रिल खाली ठेवलं. "हे बघ, तू लग्नाला आली नाहीस, मी का म्हणून विचारलं नाही. माझ्या घरी येत नाहीस, विचारलं नाही. आता निदान माझ्या हातून जे करून घेतेयस ते कशासाठी, तेवढं तरी सांग. नळ गुडघ्याला, आरसा कमरेला. मी काय आंधळ्यासारखा भोकं पाडत बसू?"

ताई खुर्चीतून उठली, आत आली आणि ट्रेलरचं दार तिने ओढून घेतलं. मग बाकावर बसली.

"माझ्या पोटाला पिशवी आहे," ती म्हणाली.

बारक्याच्या डोळ्यांपुढे आधी कापडी पिशवी आली.

"आतडं कापलंय माझं. गाठ होती. खालची वाट बंद केली आणि इथून काढली." तिने कपड्यांवरून पोटाच्या डाव्या अंगाला हात लावला, खिसा चाचपावा तसा. "जे काय असतं ते पिशवीत येतं. केव्हा येईल ते आपल्या हातात नसतं. ती धुवावी लागते, भोवतीची कातडी धुवावी लागते, कोमट पाण्याने. नाहीतर सोलून निघते. खाली वाकून नीट दिसत नाही, म्हणून आरसा."

"कधी?" एवढाच शब्द त्याच्या तोंडातून निघाला.

"तू पत्रिका छापत होतास तेव्हा. मैत्रिणीकडे कसली जातेय? हॉस्पिटलात होते. धुलाईतल्या बायकांनी केलं माझं सगळं."

"मला सांगायचं नाहीस?"

"मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. सांगून काय करणार होतास? लग्न पुढे ढकललं असतंस."

बाहेर कुणीतरी तारेवरचे कपडे काढत होतं. ते माणूस जाईपर्यंत ताई थांबली.

"आले होते मी लग्नाला," ती म्हणाली. "हॉलच्या फाटकापर्यंत. नवे कपडे घालून. आत गाणी चालली होती, तुझा आवाजसुद्धा ऐकला, कुणाला तरी खुर्च्या लावायला सांगत होतास. आणि फाटकातच पिशवी सुटली. तेव्हा नवीन होतं सगळं, मला नीट लावता यायची नाही. समोर पेट्रोल पंप होता. तिथल्या बाईने किल्ली दिली. आत गेले, कडी लावली, नळ सोडला तर नळ कोरडा. बादली बघितली, कोरडी." तिने दोन्ही तळहात समोर धरले. "एकतीस वर्षं जगाची घाण धुतली, बारक्या. त्या दिवशी मला पेलाभर पाणी मिळालं नाही."

"मग?"

"मग काय? शाल गुंडाळली आणि चालत घरी आले. बसमध्ये कुणाच्या शेजारी बसणार होते तशी?"

"दहा-अकरा किलोमीटर आहे ते."

"असेल. मोजत नव्हते."

बारक्या खाली बसला होता तसाच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी फोनवर आपण काय काय बोललो होतो ते त्याला शब्दान् शब्द आठवत होतं. त्याला वाटलं, काहीतरी बोलावं, निदान तिचा हात धरावा. पण त्या दोघांत तशी रीत नव्हती.

"तू घरी यायचं होतंस…" तो म्हणाला. "आमच्याकडे पाणी आहे की चोवीस तास."

"तुमचं न्हाणीघर स्वयंपाकघराला लागून आहे. मी आत अर्धा अर्धा तास घालवणार, बाहेर वहिनी कान देऊन बसणार. वास येतो रे त्याला. तुझं सगळं मी केलंय, लहानपणी. तेव्हा काही वाटलं नाही. पण माझं कुणी करायचं म्हटलं की मला…" तिने वाक्य सोडून दिलं. "लाव तो आरसा."

त्याने आरसा लावला. "बरोबर आहे?" त्याने विचारलं. ती फवाऱ्यापाशी बसली, अंदाज घेतला. "बोटभर वर." त्याने काढून बोटभर वर लावला.

संध्याकाळी त्याने घरी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालायची थांबली, बराच वेळ हातातल्या टॉवेलकडे बघत बसली, आणि मग "मी काय काय बोलले त्यांना," एवढंच म्हणून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून बारक्या कामाला असा भिडला की ताईलाच म्हणावं लागलं, अरे जेव तरी. बसवलेला पंप त्याने काढला आणि मोठा आणला. पंपाखाली जाड रबराच्या गाद्या घातल्या, पुढे एक लहानसा दाबाचा डबा जोडला, म्हणजे पंप धडधडणार नाही, आणि भोवती आवाज शोषणारा लोकरी नमदा लावलेली लाकडी पेटी केली. ओट्याखाली पन्नास लिटरची दुसरी टाकी बसवली. वर छताला हवा ओढणारा पंखा बसवला. संडासाच्या दाराच्या चौकटीला रबराची पट्टी चिकटवली. टाक्या धुवायची वेळ आली तेव्हा ताईने त्याला बाजूला सारलं. जंतुनाशक किती, पाणी किती, किती तास ठेवायचं, हे तिला तोंडपाठ होतं. "यात तू लुडबूड करू नकोस," ती म्हणाली.

सगळं भरून पाहिलं तर नळ बंद असतानाही दर पाच-सात मिनिटांनी पंप टक् करून जागा व्हायचा आणि गप्प बसायचा. म्हणजे कुठेतरी पाणी झिरपत होतं आणि दाब उतरत होता. बारक्या टॉर्च घेऊन बाकाखाली डोकं घालून पडला. एकेक जोड बोटाने चाचपत पुढे सरकत होता. त्याचं तोंड दिसत नव्हतं तेव्हाच ताईने सांगितलं, बहुधा म्हणूनच सांगितलं.

"पुन्हा आलंय ते, बारक्या. यकृतात."

बाकाखाली त्याचं बोट एका जोडावर थांबलं.

"डॉक्टर म्हणाले, आता कापाकापीत अर्थ नाही. कुठे जायचं राहिलं असेल तर जाऊन या, म्हणाले. चांगला आहे डॉक्टर. त्याचे डगले मी धुतलेत, शिकत होता तेव्हापासून."

"किती दिवस म्हणाले?"

"असं काही सांगत नसतात."

तो आतच पडून राहिला. जोड त्याला केव्हाच सापडला होता, संडासामागचा, नळी आवळणाऱ्या पट्टीचा स्क्रू अर्धा आटा ढिला होता. त्याने तो आवळला. मग बाहेर यायची हिंमत होईपर्यंत त्याच जोडावरून बोट फिरवत राहिला.

निघायच्या आदल्या दिवशी त्याची बायको आली. ट्रेलरच्या बाहेर उभी राहिली, आत गेली नाही. तिच्या हातात जुन्या मऊ चादरींचे कापलेले चौकोनी तुकडे होते, चांगले पन्नास-साठ. प्रत्येकाच्या चारी कडा दुमडून शिवलेल्या. तिने तो गठ्ठा ताईपुढे धरला. "वन्सं, हे लागतील म्हणून."

ताईने वरचा तुकडा उचलला, कड बोटांत धरून ओढून पाहिली, उलटा करून टाके पाहिले. धुलाईखान्यात शिवणकामाचं टेबल तपासायची तसं.

"कडा छान दुमडल्यायस, वहिनी," ती म्हणाली. "कातडीला टोचणार नाहीत."

बायको घरी येईस्तोवर रडत होती, असं तिनेच नंतर बारक्याला सांगितलं.

शेजाऱ्याच्या जीपला ट्रेलर जोडून दोघं भावंडं सकाळी निघाली. तीन तासांचा रस्ता बारक्याने पाच तासांत काटला. खड्डा दिसला की तो गाडी जवळजवळ उभी करायचा. "मला पोचायचंय रे, वरात नाही काढायचीय," ताई दोनदा म्हणाली.

तलावाकाठी झाडांखाली सपाट जागा होती. ट्रेलर लावून झाल्यावर बारक्याने ताईला हात दिला आणि ती काठापर्यंत चालत गेली. समोरचा काठ धुरकट दिसत होता, एवढं पाणी. ताई कपाळावर हात धरून खूप वेळ बघत राहिली.

"एवढं आहे होय," ती म्हणाली. "आणि चार वाजले की आमचा नळ करंगळीएवढा यायचा. काय करायचास रे तू?"

"वरून जेवढं सोडायचे तेवढंच मी पुढे ढकलायचो, ताई."

"असू दे. आता सांगून काय उपयोग?"

मग त्याने तिला पाणी जिथून उचलतात तो मनोरा दाखवला, तिथून जाणारी मोठी वाहिनी दाखवली, ती डोंगराला वळसा घालून शहराकडे कशी जाते ते बोटाने हवेत काढून दाखवलं. तिने बारकाईने विचारलं, पाणी इथून निघालं की आमच्याकडे किती वेळात पोचतं? त्याने हिशेब करून सांगितलं, एकोणीस तास. "म्हणजे सोमवारच्या चादरी रविवारच्या पाण्यात," ती म्हणाली, आणि त्या कल्पनेने तिला फार मजा वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन चढल्यावर ताई अंघोळीला आत गेली. बारक्या बाहेर, गाडीकडे पाठ करून, घडीच्या स्टुलावर बसला होता. नमदा, रबर सगळं असूनही त्याच्या कानाला पंप कळत होता. पंप चालू झाला, पाच-सहा सेकंदांत बंद. मग बराच वेळ शांतता. पुन्हा चालू, पुन्हा बंद. ती अंग ओलं करून नळ बंद करत होती, साबण लावून पुन्हा थोडंसं पाणी घेत होती, पुन्हा बंद. मोजूनमापून, दुसऱ्याच्या घरी घ्यावं तसं.

त्याने काही वेळ ऐकलं. मग मान न वळवता तो म्हणाला, "ताई, दोन्ही टाक्या भरलेल्या आहेत."

पंप पुन्हा चालू झाला, पुन्हा बंद.

"संपलं तर मी पुन्हा भरतो. सोड नळ. बंद करू नकोस."

पंप चालू झाला आणि या वेळी चालूच राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. बारक्या स्टुलावरून उठला आणि काठाकाठाने चालत दूर गेला, पंपाचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत. तिथे एका दगडावर बसला. परत आला तेव्हा ताई ओले केस मोकळे सोडून दारात बसली होती. वर्षभरात प्रथमच अशी अंघोळ झाली, असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "फवाऱ्याला जोर बरा आहे."

त्याने मोठी टाकी उघडून पाहिली. तळाला चार बोटं पाणी होतं. तो बादल्या घेऊन विश्रामगृहाच्या नळावर गेला, सहा खेपा केल्या आणि टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरून ठेवली.

ठरले होते आठ दिवस. चौथ्या दिवशी सकाळी तिला ताप भरला, पोटात कळा यायला लागल्या आणि डोळे पिवळे दिसायला लागले. "अजून एक दिवस बघू," ती म्हणत होती. दुपारपर्यंत तिला उठून बसता येईना. परतीच्या वाटेवर बारक्याने एकही खड्डा पाहिला नाही.

हॉस्पिटल तेच, तिचंच. धुलाईतल्या बायका पाळीपाळीने येऊन भेटून गेल्या. ताईने अंगाखालची चादर चिमटीत धरून एकीला दाखवली. "नीट पिळली नाहीये," ती म्हणाली. त्या बाईने मान खाली घातली आणि चादर बदलून आणली.

वहिनी, बारक्याची बायको, रोज दोनदा यायची. पहिल्या दिवशी ताईने तिला पिशवीला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ताईचे हातच उचलेनात, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "कर बाई." वहिनीने कोमट पाणी मागून घेतलं आणि स्वतः शिवलेले तुकडे बाहेर काढले. त्यानंतर ताईचं सगळं तिनेच केलं, दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

ताई नऊ दिवस होती. दहाव्या दिवशी सकाळी, भेटायची वेळ सुरू व्हायच्या आधी, गेली. बारक्या पोचला तेव्हा वहिनी कॉटशी उभी होती आणि नर्सशी हळू आवाजात बोलत होती. खाली न्यायच्या आधी ताईंना एकदा स्वच्छ करते, असं ती म्हणत होती. नर्स बरी होती. तिने पाणी आणून दिलं.

वॉर्डात सोळा कॉटी होत्या. नेमके त्या दिवशी कॉटींभोवतीचे पडदे धुवायला गेलेले होते, नुसत्या दांड्या उरल्या होत्या. समोरच्या रांगेतल्या बायका उठून बसल्या होत्या, कुणाचा तरी नवरा डबा घेऊन आला होता. बारक्याने शेजारच्या रिकाम्या कॉटवरची चादर ओढून घेतली, उलगडली, दोन टोकं दोन हातांत धरली आणि हात डोक्याच्या वर नेऊन उभा राहिला. पाठ ताईकडे, तोंड चादरीकडे. एवढा मोठा माणूस असल्याचा उपयोग झाला. चादर जमिनीपर्यंत पोचली.

मागे पाण्याचा आवाज येत होता. कापड बुडवल्याचा, पिळल्याचा, पुन्हा बुडवल्याचा. वहिनीला कसलीच घाई नव्हती.

दहा मिनिटं झाली असतील. त्याचे खांदे भरून आले आणि चादरीची वरची कड हलायला लागली. सफाईवाला जाता जाता थांबला. त्याला दया आली असावी. "काका, खाली घ्या हात," तो हळूच म्हणाला. "आता त्यांना काय कळतंय?"

बारक्याने मान हलवली. त्याने हात आणखी थोडे वर घेतले, चादर ताणून सरळ केली, आणि समोरच्या पांढऱ्या कापडाकडे बघत तो उभा राहिला.

"झालं का?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"अजून थोडं," वहिनी म्हणाली.

"होऊ दे सावकाश," तो म्हणाला.